ओझेल टार्प्लीची चौथी तार

आमच्या शेडी फोर्कमधला माणूस शेजाऱ्याला खेचर उसनं देईल, बंदूक देईल, अडीनडीला दातांची कवळीसुद्धा देईल, पण गिटारची जुळणी देणार नाही. जुळणी म्हणजे कुठली तार कुठल्या सुरात ताणायची ते. दुकानातून गिटारबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात एक जुळणी छापलेली असते, ती आम्ही मुलांना खेळायला देतो. खरा ब्लूज वाजवणारा माणूस आपली जुळणी आपणच शोधतो, आणि एकदा सापडली की ती शेवटपर्यंत पोटात ठेवतो. गाणं काय, कुणीही ऐकून उचलेल. जुळणी कळली नाही तर उचललेलं गाणं दुसऱ्याच्या बुटांसारखं होतं. पायात जातं, चालता येत नाही.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. वाजवून झालं की गिटार खाली ठेवण्याआधी साऱ्या तारा सैल करायच्या. याला आम्ही गिटार निजवणं म्हणतो. मुलांनी विचारलं तर सांगायचं की उन्हाळ्यात ताणलेल्या तारांनी गिटारची मान वाकते. मिसिसिपीत मी वाकलेल्या माना पुष्कळ पाहिल्या. त्यांतली एकही गिटारची नव्हती. पण मुलं ऐकून घेतात.

आणि दुसऱ्याची गिटार उघडी पडलेली दिसली, तारा ताणलेल्या, मालक जवळ नाही, तर ती आपण निजवायची. त्यातही शिष्टाचार असा की डावा तळवा तारांवर दाबून ठेवायचा आणि मग खुंट्या पिळायच्या, म्हणजे आपण काय उतरवतोय ते आपल्याही कानाला कळू नये. असं करणाऱ्याला आम्ही चांगल्या घरचा म्हणतो. क्लिओथा बिब्स हा साऱ्या काउंटीत सगळ्यात चांगल्या घरचा माणूस होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्याच्या चांगुलपणानं झालं. वाईटपणानं आमच्याकडे सहसा एवढं नुकसान होत नाही.

ओझेल टार्प्ली माझा शेजारी. त्याच्या मागच्या ओसरीत आणि माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात एक कुंपण, तेही निम्मं पडलेलं. तो लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचा, मागच्या ओसरीवर बसायचा, भिंतीकडे तोंड करून तारा लावायचा आणि एकच गाणं वाजवायचा. तशी त्याला पुष्कळ गाणी येत होती. शनिवारी मासे तळायचा कार्यक्रम असला की लोकांना नाचवायचा, दारू पाजली की आणखी नाचवायचा. पण घरच्या ओसरीवर ते एकच. त्याला शब्द नव्हते, नाव नव्हतं. माझ्या कोंबड्या त्यावर खुराड्यात जात. मी गैरहजर असलो तरी जात, एवढ्या त्या वक्तशीर होत्या.

त्याची बायको आयडेला चर्चमध्ये अशर होती. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, लोकांना बाकावर बसवायचं आणि कुणाला अंगात आलं तर पंख्यानं वारा घालायचा. ब्लूज हे सैतानाचं संगीत असं आमच्या चर्चचं मत आहे, आणि निम्मं चर्च शनिवारी सैतानाकडे आणि रविवारी देवाकडे असतं, त्यामुळे ते मत पक्कं आहे. आयडेला मात्र सातही दिवस एकाच बाजूला होती. ओझेलनं तारा लावायला घेतल्या की ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. चाळीसेक वर्षं तिनं ते गाणं बंद दारामागून ऐकलं. दार तिनं जोरानं कधी लावलं नाही, एवढं मी कुंपणाशपथ सांगतो.

मग एका वर्षी, परसात टोमॅटोंना काठ्या बांधता बांधता ओझेल कोसळला. डावं अंग गेलं. वाचा गेली. उजव्या हाताचा तेवढा अंगठा शाबूत राहिला, बाकी बोटं नुसती होती. काउंटीच्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि आयडेलाला बाहेर नेऊन सांगितलं की आता त्याला आवडेल ते खाऊ घाला. डॉक्टर लोक असं सांगतात तेव्हा स्वयंपाकाबद्दल बोलत नसतात.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खाट घातली. गिटार कोपऱ्यात, तारा लोंबत असलेली, त्यानंच निजवलेली. संध्याकाळ झाली की ओझेल तिच्याकडे बघायचा. बघत राहायचा. आयडेलानं त्याला रेडिओ लावून दिला, त्यानं डोळे मिटले. तिनं पाद्रीबाबांना बोलावलं, त्यानं आणखी घट्ट मिटले.

एक दिवस ती कुंपणाशी आली. म्हणाली, मिस्टर टार्प्लींना त्यांचं गाणं ऐकायचंय. ती नवऱ्याला चारचौघांत नेहमी मिस्टर टार्प्लीच म्हणायची, तिच्या आईनंही नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. मी म्हटलं, त्यात काय, बिब्सला सांगतो, येईल आणि वाजवेल काहीतरी.

“काहीतरी नको,” ती म्हणाली. “त्यांचं.”

मी म्हटलं, त्यांचं कुणालाच येत नाही.

“म्हणूनच मी शिकायचं ठरवलंय.”

मी तिच्याकडे पाहिलं. साठी उलटलेली बाई, हातात कोलार्डच्या पाल्याची जुडी, चेहऱ्यावर अशरचा भाव. मी म्हटलं, चांगलं आहे. माझ्या वयात माणूस दुसऱ्याच्या वेडेपणाला चांगलं आहे म्हणायला शिकलेला असतो.

ती गेली क्लिओथा बिब्सकडे. त्याचं केस कापायचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे. आमच्याकडे शिकवायची पद्धत अशी की शिकवणारा समोर बसून सोपं सोपं वाजवतो आणि अवघड जागा आली की खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करतो. शिकणाऱ्यानं त्याच्या पाठीकडे बघून काय शिकायचं ते शिकायचं. बिब्सची तर खुर्चीच फिरती होती. पहिल्या दुपारी त्यानं शिष्टाचारानं ती फिरवली तेव्हा आयडेला म्हणाली, ब्रदर बिब्स, मी तुमच्या मानेवरचे केस बघायला आलेले नाही, आणि मला वेळ नाही. बिब्स ओशाळला. त्या दिवसापासून तो अर्धाच वळायचा.

पहिला धडा अंगठ्याचा. बिब्स तिला म्हणाला की अंगठा हे खेचर आहे आणि बाकीची बोटं ही खेचरावर बसलेली पोरं. पोरांनी वाटेल तो दंगा करावा, खेचरानं वळून बघायचं नाही. जाड तार, मधली तार, जाड तार, मधली तार, चाल सोडायची नाही. ऐकायला सोपं आहे. पण माणसाच्या हाताची घडण अशी की बोटं धावली की अंगठा धावतो आणि अंगठा थांबला की सगळं घर थांबतं. आयडेलाचा अंगठा बोटांच्या मागे मागे जायचा. बिब्स अत्यंत नम्रपणे म्हणायचा, “मिस आयडेला, तुमचं खेचर पोरांकडे बघतंय.” ती थांबायची, ओठ आवळायची, पुन्हा सुरुवात करायची.

मग तिला शिवणयंत्र आठवलं. चर्चमधल्या सगळ्या अशर बायकांचे गणवेश तीच शिवत असे, पायानं चालवायच्या यंत्रावर. पाय आपला चालतो, हात कापड फिरवतात, तोंड शेजारणीशी बोलतं. कुणी कुणाकडे बघत नाही. तिनं गिटार मांडीवर घेतली, डावा पाय जमिनीवर वरखाली हलवायला लागली आणि अंगठ्याला सांगितलं, तू पायाचं ऐक. त्या दिवशी खेचर सरळ चाललं. बिब्सनंच मला हे सांगितलं. म्हणाला, मला हे यायला दोन हिवाळे लागले होते, आणि माझ्याकडे खरं खेचर होतं.

तिच्या डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. ती व्हिनेगरमध्ये बोटं बुडवायची आणि रविवारी वर पांढरे मोजे घालायची. एका रविवारी मोज्याच्या टोकांवर तांबूस ठिपके दिसले. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकननं विचारलं, सिस्टर आयडेला, हाताला काय झालं? ती म्हणाली, शिवण. देवाच्या घरात ती खोटं बोललेली मी ऐकलेली एवढी एकच वेळ, आणि मला वाटतं देवानंही ते शिवणकामातच धरलं असावं.

हात तयार होत होता. पण ओझेलची जुळणी कुठून आणायची? बिब्स म्हणाला, ते मात्र माझ्याकडे नाही, आणि असतं तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं, मी ओझेलला सांगितलं असतं की तू सांग. असा माणूस.

ओझेल बोलू शकत नव्हता, लिहायला तो कधीच शिकला नव्हता. आयडेला त्याच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसली, सैल तारांची गिटार मांडीवर. सगळ्यात जाड तारेची खुंटी तिनं हळूहळू पिळली आणि प्रत्येक पिळीला तार छेडून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं डोळे मिटले की चुकलं. आणखी पिळलं, छेडलं. डोळे मिटले. पिळलं, छेडलं, आणि त्याची उजवी भुवई वर गेली. ती मला नंतर म्हणाली की लग्नाला विचारलं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा एवढा स्पष्ट बोलला नव्हता.

पाच तारा काही दिवसांत लागल्या. बिब्स म्हणायचा, पाच तारांत काही गुपित नाही, आमच्याकडे मयताला वाजवतात तसला उदास सूर, कुणीही लावेल. गुपित होतं चौथ्या तारेत. आयडेला ती चढवायची, तो डोळे मिटायचा. उतरवायची, तो डोळे मिटायचा. केसभर चढवायची, केसभर उतरवायची. कधी वाटायचं झोपला, म्हणून ती थांबायची, तर तो डोळे उघडून वाट बघत असायचा. उन्हाळा असा गेला. खिडकी उघडी असे, त्यामुळे मला तो एकच टणत्कार दिवसभर ऐकू यायचा; कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलं. मी कुंपणावरून विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, “दिवसभर नाही म्हणताहेत.” आणि हसली. जन्मभर ज्या माणसानं तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं, तो आता सकाळ संध्याकाळ नाही म्हणत होता, आणि मी त्या बाईला एवढी खुशीत कधी पाहिली नव्हती.

आणि एका दुपारी भुवई वर गेली.

ती उठून माझ्याकडे आली नाही, बिब्सकडे गेली नाही. मला कळलं ते ऐकून. चौथ्या तारेचा तो सूर कसा होता ते मला सांगता येत नाही. उदास म्हणावा तर त्यात कुणीतरी गालात हसत होतं. हसरा म्हणावा तर ते हसणं मयताहून परत येणाऱ्या माणसाचं होतं. मी हातातलं दाण्याचं भांडं खाली ठेवलं. एवढी वर्षं कुंपणापलीकडून ऐकलेली वस्तू ती हीच.

मग गाणं शिकायला सुरुवात झाली. बंद दारामागून ऐकलेलं असलं तरी तिला ते सारं पाठ होतं, सुईनं टाके मोजावेत तसं. ती सूर शोधायची, तो डोळे मिटायचा किंवा भुवई उचलायचा. आणि पांघरुणावर त्याचा उजवा अंगठा चालायचा. जाड तार, मधली तार. ती त्या अंगठ्याकडे बघून आपला अंगठा चालवायची. गाण्याचा पहिला भाग बसला, दुसरा बसला. शेवटच्या भागात एक जागा होती तिथं ती अडखळायची, तेवढीच राहिली होती. तिनं ठरवलं होतं की येत्या रविवारी चर्चहून आलं की सगळं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता, त्यांना वाजवून दाखवायचं. गिटार मात्र ती आता निजवत नसे. खुर्चीवर तशीच ठेवी, तारा ताणलेल्या, वर स्वच्छ पंचा. चौथी तार पुन्हा सापडेल याची तिला खात्री नव्हती. हे तिनं बिब्सला सांगितलं नाही. सांगायचं तिच्या मनात आलं नाही. आपल्या घरात आपली गिटार खुर्चीवर ठेवायला कुणाला सांगावं लागतं?

शनिवारी अशर बायका ओझेलला भेटायला यायच्या होत्या, डबे घेऊन. क्लिओथा बिब्स आधीच आला, ओझेलची दाढी करायला, दर शनिवारी येत असे तसा. दाढी झाली, ओझेलला झोप लागली, आयडेला स्वयंपाकघरात चवळी ढवळत होती. बिब्स वस्तरा पुसत खिडकीपाशी उभा होता. वाऱ्यानं पंचा सरकला आणि गिटार उघडी पडली. त्याच वेळी रस्त्यावरून वळून वॉर्डेल स्नाइप्सची गाडी येताना त्याला दिसली.

वॉर्डेल स्नाइप्स पलीकडच्या वस्तीवरचा. वाजवायचा बरा, पण त्याच्या कानाला खिसा होता. एकदा ऐकलेलं गाणं तो पुढच्या शनिवारी आपलं म्हणून वाजवायचा, आणि उघड्या गिटारची जुळणी तर नुसतं तारांवरून हात फिरवून सांगायचा. बिब्सनं खिडकीतून ती गाडी पाहिली, खुर्चीवर उघड्या तारांची गिटार पाहिली, झोपलेला ओझेल पाहिला. ज्या माणसानं जन्मभर आपली जुळणी बायकोलासुद्धा दिली नाही, ती आता स्नाइप्सच्या खिशात जाणार. चांगल्या घरच्या माणसानं जे करायचं ते त्यानं केलं. डावा तळवा तारांवर घट्ट दाबला आणि उजव्या हातानं सहाच्या सहा खुंट्या पिळून सैल केल्या. ऐकू येऊ नये म्हणून त्यानं तोंडसुद्धा वळवलं. मग पंचा नीट पसरला.

स्नाइप्स घरात आलाच नाही. त्याची बहीण अशर बायकांमध्ये होती, तिला सोडायला आला होता. तो गाडीत टोपी तोंडावर घेऊन झोपला.

बायका आल्या, देवाचं गाणं म्हणून झालं, तळलेले मासे आणि मक्याचा पाव खाऊन झाला, सगळ्यांनी ओझेलला सांगितलं की तू आता बरा दिसतोस. आमच्याकडे मरणाऱ्याला हे सांगतात. बिब्स जाताना आयडेलाच्या कानाशी वाकून म्हणाला, काळजी करू नका मिस आयडेला, मी गिटार निजवून ठेवलीय. त्या गडबडीत तिनं मान हलवली. अर्थ तिला दारातली शेवटची बाई निघून गेल्यावर पोचला.

ती ओरडली नाही. खुर्चीपाशी गेली, पंचा काढला, तारा बघितल्या. मग खाली बसली आणि जाड तारेपासून सुरुवात केली. पाच तारा तिला येतच होत्या. चौथीसाठी तिनं ओझेलला जागं करायला नको म्हणून उद्याची वाट बघायचं ठरवलं. उन्हाळाभर शोधली, आता आठवडाभरात सापडेल. वाट माहीत झालीय. असं तिनं मला कुंपणावर येऊन सांगितलं. शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, बिब्सला जरा बोलू का? ती म्हणाली, नको, त्यांनी चांगल्या मनानंच केलं.

रविवारी सकाळी ओझेलला दुसरा झटका आला. तो गेला नाही. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. चर्चचा गणवेश अंगात चढवलेला, मोजे अजून हातात, अशी ती त्याच्या खाटेशी बसली आणि चौथी तार छेडली. त्यानं डोळे मिटले नाहीत. भुवईही हलली नाही. तिनं खुंटी पिळली, छेडली, बघितलं. पिळली, छेडली, बघितलं. पांघरुणावरचा अंगठा पसरून पडला होता.

“अहो, हा का?” ती विचारायची. “हा नाही ना? मग हा?”

ती एवढं मोठ्यानं विचारायची की मला खुराड्यापाशी ऐकू यायचं. पुढचे काही दिवस मी कोंबड्यांना दाणे टाकायला दुसऱ्या बाजूनं जायला लागलो. ओझेल त्या आठवड्यात गेला, दुपारी, ती खुंटी पिळत असताना. ती म्हणते कुठल्या सुरावर गेले ते मला माहीत नाही, मी खुंटीकडे बघत होते.

मयताला सगळे आले. बिब्स आला तो फाटकाबाहेरच उभा राहिला, हॅट हातात घेऊन. आत बोलवायला मला जावं लागलं. त्याचा चेहरा बघून लोक त्यालाच धीर देत होते. पुरल्यानंतर दोन रविवार गेले आणि मग आयडेला, जी जन्मात कधी पलीकडच्या वस्तीवर गेली नव्हती, ती स्नाइप्सच्या दारात उभी राहिली. मलाच सोडायला जावं लागलं, म्हणून मला हे माहीत. स्नाइप्सला वाटलं ही भांडायला आलीय. तो ओसरीवरून मागे सरकला.

तिनं सरळ विचारलं की मिस्टर टार्प्लींची जुळणी त्यानं कधी चोरली होती का. राग नाही, चोरली असेल तर बरंच, एवढं तिनं पुढे जोडलं.

स्नाइप्सनं टोपी काढली. असा कबुलीजबाब मागायला त्याच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं.

“मिस आयडेला,” तो म्हणाला, “देवाशपथ सांगतो, चोरायचा फार प्रयत्न केला. तुमच्या ओसरीखाली कुत्र्यासारखा पडून राहिलोय. पाच तारा मिळाल्या. ती एक नाही मिळाली. मला माफ करा.”

परत येताना गाडीत मी आपला म्हणालो की या काउंटीत नालायकसुद्धा वेळेला उपयोगी पडत नाहीत. ती हसली नाही, आणि माझंही मन ते म्हणण्यात नव्हतं.

बिब्सनं तेवढ्यावर सोडलं नाही. एका सकाळी आयडेलाच्या पायरीवर त्याची गिटार होती, तारा ताणलेल्या, त्याच्या स्वतःच्या जुळणीत. त्याच्या बापाला माहीत नव्हती, बायकोला माहीत नव्हती ती जुळणी. आमच्याकडे याहून मोठं काही कुणी कुणाला दिल्याचं मी ऐकलेलं नाही. आयडेलानं ती आत नेली. मला वाटलं वाजवेल. थोड्या वेळानं ती गिटार घेऊन चालत त्याच्या दुकानात आली. मी तिथंच खुर्चीत होतो, अर्धे केस कापलेला. तिनं ती गिटार त्याच्या हातात दिली. तारा सैल होत्या.

“तुमची आहे ती, ब्रदर बिब्स,” ती म्हणाली. “मी ऐकली नाही. हात ठेवला होता.”

बिब्सनं माझे बाकीचे केस कापले नाहीत. मी तसाच घरी आलो, आणि मला कुणी काही विचारलं नाही.

आता आयडेला संध्याकाळी मागच्या ओसरीवर बसते. स्वयंपाकघराचं दार उघडं असतं. पाच तारा ती पटकन लावते. चौथीला वेळ लावते. एकदा तिनं चर्चच्या पियानोवर तो सूर शोधून बघितला, तर पाच तारांचे सूर सापडले आणि चौथीचा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता, तिथं पियानोला लाकूड आहे. मग ती जो येईल त्याला विचारायला लागली. डीकनला विचारलं, हा का हो? डीकन म्हणाला, अगदी हाच, सिस्टर. स्नाइप्सच्या बहिणीनं डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाली, ओझेलच बसलाय असं वाटलं. पाद्रीबाबा म्हणाले आमेन. दर वेळी तार वेगळ्या सुरात असायची आणि दर वेळी लोक हो म्हणायचे. आमची माणसं दयाळू आहेत. शोकातल्या बाईला नाही म्हणणारा शेडी फोर्कमध्ये जन्माला यायचाय. ती प्रत्येकाचे आभार मानायची, आणि तो गेला की खुंटी पिळायची.

काल तिनं मला विचारलं. मी कुंपणाशी होतो, ती ओसरीवर. अंगठा तिचा आता इतका सरळ चालतो की ओझेलसुद्धा काही बोलला नसता. गाणं तिनं सुरुवातीपासून वाजवलं, ती शेवटची अडखळायची जागासुद्धा नीट पार केली. मग चौथी तार एकटी छेडली आणि माझ्याकडे बघितलं.

“हा होता का हो?”

मी आयुष्यभर लोकांना हसवण्यासाठी खूप काही बोललोय, खरं फार थोडं. पण या कुंपणापाशी मी चाळीस वर्षं तो सूर ऐकला होता. हा तो नव्हता. एवढं मला कळत होतं.

“नाही,” मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. ओझेल गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. ती खुर्चीत पुढे सरकली, गिटार जवळ ओढून घेतली, चौथ्या खुंटीवर बोटं ठेवली आणि माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसली.

“चढवू की उतरवू?”

ते मला माहीत नव्हतं.